काटा फिरवून राहिला

तारीख १७ फेब्रुवारी १९८५, रविवार. रक्कम तीन हजार रुपये. जागा मोहगाव, माझ्या मोठ्या बहिणीच्या घराची ओसरी. हजर माणसं पाच: जीपचे मालक, त्यांचा ड्रायव्हर, माझे भाऊजी, बहीण आणि मी.

भाऊजी खाटेवर बसले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. ड्रायव्हर दाराजवळ उकिडवा बसला होता आणि त्याचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. मालकांना खुर्ची दिली होती. बहिणीनं पाणी आणलं तर म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. आमच्या वस्तीत असे आत्ताच पिऊन आलेले लोक पुष्कळ येत.

मालकांनी नोटा खाटेवर ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी टाईप केलेला एक कागद ठेवला. त्यात असं होतं, की बंडीचे बैल बुजल्यामुळे अपघात झाला, ड्रायव्हरची चूक नव्हती, आणि भाऊजींचं आता काही मागणं उरलेलं नाही. खाली सहीची जागा सोडली होती.

भाऊजी संत्र्याच्या तोडीला जात. तोडीचं काम शिडीवरचं, आणि एका पायानं शिडी चढता येत नाही. त्यांना बसून करता येईल असं काम हवं होतं आणि त्यांच्या मनात पिठाची चक्की होती. पांढुर्ण्यात एक जुनी चक्की मोटरीसकट साडेआठ हजारांना विकायची होती. सही केली तर तीन हजार हातात येत होते, पण मग छिंदवाड्याच्या कोर्टात दावा लावता येणार नव्हता. सही नाही केली तर दावा लावता येत होता, पण त्यात काय मिळेल आणि कधी, ते कोणी सांगू शकत नव्हतं. घरात दोन लहान मुलं होती.

अपघात महिनाभर आधीचा. मी तेव्हा सौसरला एका कचेरीत कारकून होतो. पांढुर्ण्याहून नागपूरची रेल्वेगाडी पकडायची म्हणून सकाळी जीपमध्ये बसलो. मोहगावला भाऊजी चढले. त्यांना पांढुर्ण्याकडच्या एका बगिच्यात तोडीला जायचं होतं. आत जागा नव्हती म्हणून ते मागच्या पायरीवर डाव्या बाजूला उभे राहिले. जीप कागदोपत्री घरगुती वापराची होती, पण त्या रस्त्याला अशा सगळ्याच जीपा सवाऱ्या भरत. आम्ही सतरा जण होतो. मी पुढे गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलो होतो. माझ्या पलीकडे एक कापसाचा दलाल होता, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

क्रिकेटची टेस्ट मॅच चालू होती. ड्रायव्हरनं ट्रान्झिस्टर समोरच्या काचेच्या वर, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधून लटकावला होता. टेकडी आली की आवाज फाटायचा. मग तो डावा हात वर करून स्टेशन लावायचा काटा फिरवायचा आणि कान ट्रान्झिस्टरला लावायचा. कान लावायचा म्हणजे मान वाकडी व्हायची, आणि मान वाकडी झाली की नजर रस्त्यावरून उतरायची.

"आवाज वाढव ना बे," दलाल म्हणाला. "का तुयाच कानात सांगून राहिला तो?"

"सेल उतरले, शेठ. तुमी नवे आना, मंग वाढवतो."

"तीन रुपये भाडं घेतं अन् सेल बी मीच आनू?"

मागून भाऊजी ओरडले, "ओ ड्रायवरसाहेब, किती झाले?"

"मागं सतरा झाले, आनखी एक चढला तं अठरा."

सगळे हसले. भाऊजीही हसले, ते मला ऐकू आलं. मला क्रिकेटमध्ये गम्य नाही. मी ड्रायव्हरला म्हणालो, "भाऊ, समोर पाहा."

"दहा वर्सं झाले, साहेब. रस्ता तोंडपाठ आहे."

"हे सरकारी मानूस आहे," दलाल म्हणाला. "याच्या जवळ बसलं का हे आपला श्वास बी मोजते."

पुढे उतार होता आणि उताराच्या तोंडाशी वळण. त्याच वेळी ट्रान्झिस्टरमधून लोकांचा मोठा आरडाओरडा ऐकू आला, म्हणजे कोणीतरी आऊट झालं होतं, आणि लगेच नुसती खरखर सुरू झाली. जीपभर एकच गलका झाला. "कोन गेला? कोन गेला? लाव ना, लाव." दलाल तर सीटवरून अर्धा उठला होता. मागून भाऊजींचाही आवाज आला. ड्रायव्हरनं डावा हात वर केला, काटा फिरवायला लागला आणि कान लावला. उतारावर जीपचा वेग वाढत होता. गिअर टाकायचा हातसुद्धा डावाच.

वळणापलीकडे कापसाची बंडी होती. आमच्याच दिशेनं चालली होती, अर्धी डांबरावर, अर्धी मातीत. ड्रायव्हरनं ती पाहिली तेव्हा फार जवळ आली होती. त्यानं उजवीकडे स्टेअरिंग तोडलं. पुढचा भाग निघाला, मागचा नाही निघाला. जीपची डावी पायरी बंडीच्या चाकावर घासत गेली. चाकाला लोखंडी धाव असते, तिचा आवाज मला अजून सांगता येईल. त्याच्यात भाऊजींचा पाय होता.

जीप उजवीकडच्या नालीत उतरून थांबली. बंडी उलटली होती. एका बैलाची मान जोखडात पिळली होती, शिंग मुळापासून उखडलं होतं आणि तोंडातून रक्ताचा फेस येत होता. तो उठायला पाहायचा आणि पुन्हा पडायचा. कापूस रस्ताभर पसरला होता. भाऊजी त्या कापसात पडले होते आणि त्यांच्याभोवतीचा कापूस लाल होत चालला होता. पोटरी फाटून हाड बाहेर आलं होतं, पाऊल उलट्या दिशेला वळलं होतं. ते ओरडत नव्हते. पायाकडे पाहत होते, जसं दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ कशी आली म्हणून माणूस पाहतो.

मी कमरेचा पट्टा काढून त्यांच्या मांडीला आवळला. कोणीतरी दुसरं टोक ओढायला हवं होतं. मी हाका मारल्या. कोणी आलं नाही, कारण सगळे जीपजवळ होते.

बंडीवाल्यानं उलटलेल्या बंडीची उभारी उपसली होती, मनगटाएवढी जाड अशी ती लाकडी दांडी. त्यानं पहिला घाव ड्रायव्हरच्या पाठीत घातला. तो रडत होता आणि मारत होता. "माहा बैल," एवढंच म्हणत होता, "माहा बैल." मग सवाऱ्या धावल्या. मघाशी ज्यांनी लाव लाव केलं तेच. कोणी चपलेनं, कोणी दगडानं. एका पोरीच्या हातातला जेवणाचा डबासुद्धा मी ड्रायव्हरच्या डोक्यावर पडताना पाहिला, त्यातली भाजी त्याच्या कानावरून ओघळली. तो मडगार्डला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. कोणीतरी विचारलं, "पिऊन होता का बे हा?"

"पिऊन नाई," दलाल म्हणाला. त्याच्या कपाळाला खोक पडली होती आणि तो धोतराच्या सोग्यानं ती दाबत होता. "काटा फिरवून राहिला होता. म्या पाह्यलं ना. रेडूचा काटा फिरवून राहिला होता, अन् गाडी गेली उडत."

"कोनत्या हातानं?"

"डाव्या. डाव्या हातानं."

दोघांनी त्याचा डावा हात ओढून जीपच्या बॉनेटवर धरला. तिसऱ्यानं उभारी घेतली. बंडीवाला तोवर बैलाजवळ जाऊन बसला होता, तो यात नव्हता. पहिला घाव मनगटावर पडला, दुसरा पंजावर. पत्र्याचा आणि हाडांचा आवाज एकदमच झाला. ड्रायव्हर पहिल्यांदा ओरडला तो तेव्हा. मग एक म्हातारा म्हणाला, "पुरे. मरन तो, मंग आपल्याले छिंदवाडा दिसन." म्हणजे तिथला तुरुंग. तेव्हा ते बाजूला झाले.

तेव्हाच कोणाला तरी भाऊजी दिसले.

संत्र्याच्या पेट्या नेणारा एक ट्रक थांबवला. मागे पेट्यांवर दोघांना शेजारी शेजारी झोपवलं, कारण दुसरी जागा नव्हती. सौसरच्या दवाखान्यापर्यंत मी भाऊजींचा पट्टा धरून बसलो. ड्रायव्हर आपला हात छातीवर घेऊन पडला होता. मध्येच तो भाऊजींना म्हणाला, "पाय आहे ना, दादा?" भाऊजी म्हणाले, "आहे. पन माहा नाई वाटत."

दवाखान्यात पोलिसांचा मुन्शी आला. तो हिंदी मुलखातल्या सागरकडून बदली होऊन नुकताच आला होता. भाऊजी बेशुद्ध होत चालले होते म्हणून त्यानं आधी ड्रायव्हरचं बयान घेतलं. मी त्याच खोलीत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "मी काटा फिरवून राहिलो होतो, तेवढ्यात बंडी आली."

मुन्शीनं विचारलं, "क्या कर के रहे थे?"

"काटा फिरवून राहिलो होतो ना, साहेब."

आमच्या बोलीत फिरवून राहिलो म्हणजे फिरवत होतो, पण मुन्शीनं हिंदीत लिहिलं, की मैं काँटा घुमा चुका था, म्हणजे काटा फिरवून झाला होता, त्यानंतर बंडी समोर आली. त्यानं ते वाचून दाखवलं. तेवढ्यात कंपाउंडर हाताला आधाराच्या लाकडी खपच्या बांधू लागला होता आणि ड्रायव्हर दातांत मफलर धरून बसला होता. त्यानं मान हलवली. उजव्या हातानं सही केली. त्या वेळी त्याला कोणी काहीही वाचून दाखवलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

नागपूरच्या मेडिकलमध्ये तिसऱ्या दिवशी भाऊजींचा पाय कापला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "साळेबुवा, तो कोन आऊट झाला होता मंग?" मी चौकशी केली नव्हती. अजूनही मला माहीत नाही.

आता पुन्हा ओसरीवर येतो. मालकांनी खिशातून त्या बयानाची नक्कल काढली आणि मला दिली. "तुमी शिकलेले आहा. वाचून दाखवा तुमच्या भाऊजींना. यात साफ आहे. रेडिओ लावून झाला होता. लावून झाल्यावर ड्रायव्हरची काय चूक? बंडी रस्त्यावर होती, बैल बुजले. तरी मी मानुसकी म्हनून आलो."

मी वाचलं. हिंदीत तसंच होतं. मी म्हणालो, "त्यानं असं सांगितलं नव्हतं. मी तिथं होतो. तो फिरवून राहिलो होतो म्हणाला."

"मंग तेच ना. फिरवून राहिलो. म्हंजे फिरवून झाला, अन् राहिला."

मालक सौसरचेच, जन्म इथलाच. त्यांना त्या शब्दाचा अर्थ माझ्याइतकाच ठाऊक होता. बहीण चुलीजवळून बोलली, "पाटील, मी आता चहा करून राहिली. तं चहा झाला का? झाला असन तं प्या मंग."

भाऊजी हसले. मालक हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, कोर्टात तुही बोली चालत नाई. तिथं कागद चालते." मग भाऊजींकडे वळले. "अन् स्कोर कोनं विचारला होता? तूच ना? सगळे सांगतीन."

"हाव, म्याच विचारला," भाऊजी म्हणाले. "पन स्टेरिंग माह्या हातात नव्हतं."

मालकांनी ड्रायव्हरला हाक मारली. "सांग रे याले. काटा लावून झाला होता का नव्हता?"

ड्रायव्हरनं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मालकांनीच त्याला आणला होता, त्याचे उपचारही त्यांनीच उधारीवर चालवले होते, पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर. हात बरा झाला तरी गिअर पडणार नाही, असं डॉक्टरनं सांगितल्यापासून पगाराची बोली पोकळ झाली होती. तो हे सगळं जाणत असणार.

"नाई," तो म्हणाला. "फिरवून राहिलो होतो."

"भोकन्या, कागदावर तुही सही आहे."

"असन. पन मी काटा फिरवून राहिलो नव्हतो, तं हा हात कायले तोडला मंग? फुकटच तोडला का?" त्याचा आवाज चढला नव्हता. "चूक होती म्हनून तोडला, तं मी म्हनीन, ठीक आहे, होती. आता तुमी म्हनता चूक नव्हती. मंग माहा हात परत आना."

मालक उठले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. तो पडला तो प्लास्टरच्या हातावरच पडला. मालकांनी वर त्याच्या बरगडीत लाथ घातली. मी त्यांना धरायला उठलो, तोवर भाऊजींनी खाटेजवळची कुबडी उचलून फेकली होती. ती मालकांच्या भुवईवर लागली. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बहिणीनं चुलीतलं जळतं लाकूड हातात घेतलं होतं. ती ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मुलं आत रडायला लागली.

मालकांनी एका हातानं भुवई दाबली आणि दुसऱ्यानं नोटा गोळा केल्या. कागद मात्र तिथंच राहिला. जाताना म्हणाले, "आता जा छिंदवाड्याले. एका पायानं जा."

ड्रायव्हर त्यांच्याबरोबर गेला नाही. त्याच्या प्लास्टरला भेग पडली होती. बहिणीनं त्याला चहा दिला, तो त्यानं उजव्या हातानं घेतला. भाऊजी त्याला म्हणाले, "तू कोर्टात हेच सांगशीन?" तो म्हणाला, "दुसरं काय सांगू?"

वकिलांनी आम्हाला समजावलं, की मोटारीच्या कायद्यात रेडिओ हा शब्द नाही. कायदा एवढंच विचारतो, की हाकणारा बेदरकार होता का. रेडिओ आधी लावून ठेवला असेल तर तो नुसता ऐकणारा माणूस. लावता लावता ठोकली असेल तर बेदरकार. सरकारी बसमध्ये ड्रायव्हरशी बोलू नका असं रंगवलेलं असे, जीपमध्ये तेही नव्हतं. आज गाडी चालवताना मोबाईल हातात धरला तर दंड आहे, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. मी रोज लोक पाहतो, मान वाकडी, कान फोनला, आणि मागे बसलेला विचारतो, काय म्हणते रे ती. ती मान मी ओळखतो. त्या वेळी मात्र सगळा भार एका क्रियापदावर होता.

दावा चालला. विमा कंपनीनं हात वर केले, कारण जीप भाड्याच्या सवाऱ्यांसाठी नव्हतीच. राहिले मालक. त्यांच्या वकिलानं ते बयान पुढे केलं. जज्जसाहेब उत्तरेकडचे होते, त्यांनी ड्रायव्हरला हिंदीतच विचारलं, की काटा फिरवणं संपलं होतं, की चालू होतं. ड्रायव्हरनं वाकड्या बोटांचा डावा हात वर केला आणि हवेत काटा धरल्यासारखा फिरवायला पाहिला. बोटं वळली नाहीत. "चालूच था, साहब," तो म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं.

मग मला उभं केलं. मालकांच्या वकिलानं विचारलं, स्कोर कोणी विचारला? मी म्हणालो, सगळ्यांनी. जखमी इसमानंही? मी म्हणालो, हो, त्यांनीही. ते कुठं उभे होते? बाहेर, पायरीवर. आत जागा होती? नव्हती. तरी चढले? चढले.

बाहेर आल्यावर बहीण मला म्हणाली, "तुले एवढं खरं सांगाची काय गरज पडली होती? तुया पाय कापला होता का?"

"त्यानं नसतं सांगितलं, तं म्याच सांगितलं असतं," भाऊजी म्हणाले. बहीण दोघांवरही रागावली आणि परतीच्या बसमध्ये वेगळ्या सीटवर जाऊन बसली. दिवाळीपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही.

निकाल १९८८ साली लागला. भरपाई पंधरा हजार धरली, आणि पायरीवर लटकून जाण्याचा दोष भाऊजींचाही म्हणून तिसरा हिस्सा कापला. दहा हजार. मालकांनी ते चार हप्त्यांत दिले, शेवटचा पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, माझ्यासमोर, भाऊजींच्या हातात. साडेआठ हजारांची चक्की तोवर विकली गेली होती. दुसरी नऊ हजार दोनशेला मिळाली. उरलेले आठशे वकिलांना दिले.

बंडीवाल्याला मालकांनी बैलाचे सातशे दिले, ते कोर्टाबाहेर. फौजदारी खटल्यात ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला. त्याला तीनशे रुपये दंड झाला, तो त्यानं स्वतः सरकारजमा केला. त्याच्या हाताबद्दल कोणी तक्रार केली नाही, त्यानंही नाही. त्याबद्दल कोणी कोणाला काही दिलं नाही.